कॅलसमधलं कॅटलेज शून्य का येतं? ब्राह्मीच्या ऊतिसंवर्धनात अँटिऑक्सिडंट संयुगं आणि एंझाइम मोजताना

दर वर्षी जानेवारीच्या सुमारास प्रोजेक्टची मुलं वही घेऊन समोर बसतात. वहीत डीपीपीएचचे (अर्क जांभळा रंग किती उडवतो, त्यावरून अँटिऑक्सिडंट ताकद मोजणाऱ्या चाचणीचे) आकडे झकास असतात, फिनॉल हे अँटिऑक्सिडंट संयुग भरपूर असतं आणि कॅटलेज या पेरॉक्साइड मोडणाऱ्या एंझाइमच्या रकान्यात शून्य. "सर, आमच्या कॅलसमध्ये कॅटलेज नाहीच वाटतं." कॅलस म्हणजे माध्यमावर वाढवलेला, पान-खोड न बनलेला पेशींचा गोळा. तो जिवंत, वाढता असेल तर त्यात कॅटलेज असतंच. ते खलात मेलेलं असतं. आणि ज्या फिनॉलचा आकडा बघून मुलं खूश झालेली असतात, बहुतेक वेळा त्याच फिनॉलनी त्याचा जीव घेतलेला असतो.

पेशी शाबूत असते तेव्हा फिनॉल मुख्यतः रिक्तिकेत असतं आणि एंझाइम पेशीद्रवात, हरितलवकांत, पेरॉक्सिझोममध्ये. मधे पडदे असतात. खलात पेशी फुटली की पडदे जातात, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज फिनॉलचं क्विनोन करतं आणि ते क्विनोन प्रथिनांना चिकटून त्यांचा आकार बिघडवतं. चिरलेलं सफरचंद काळं पडतं तो हाच प्रकार. त्यामुळे एकाच अर्कातून दोन्ही मोजायचा मोह टाळा. नमुना एकच असू दे, पण त्याचे दोन वाटे पहिल्यापासून वेगळे करा. पुढचं सगळं या एका नियमाभोवती फिरतं.

झाड नक्की कोणतं?

उदाहरणासाठी ब्राह्मी घेतो. ती बाटलीत पटकन रमते आणि नवशिक्याला धीर देते. पण पुण्यातल्या नर्सरीत "ब्राह्मी द्या" म्हटलं की पुष्कळदा मंडूकपर्णी हातात येते. मंडूकपर्णीचं पान गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडा दातेरी आणि देठ लांब. बॅकोपा मॉनिएरी या ब्राह्मीचं पान छोटं, मांसल, चमच्यासारखं, समोरासमोर जोडीनं आलेलं, देठ जवळजवळ नाहीच. फूल पांढुरकं किंवा फिकट जांभळं. दोन्ही औषधी आहेत, दोन्हींवर काम करता येतं, पण शीर्षकात एक आणि बाटलीत दुसरं असं झालं तर वर्ष वाया जातं. फुलासकट नमुना दाबून, वाळवून कोरेगाव पार्कातल्या बॉटॅनिकल सर्व्हेच्या पश्चिम विभागीय केंद्रातून किंवा आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेतून ओळख पटवून घ्या. हे सुरुवातीलाच करा. प्रबंध छापायला टाकायच्या आदल्या आठवड्यात धावाधाव करणारे मी पाहिले आहेत.

मातृरोप नदीकाठून उपटून आणू नका. ब्राह्मी ओल्या जागेत वाढते आणि पाण्यातले जड धातू शोषून साठवते. कॅडमियम, शिसं असलेल्या रोपात अँटिऑक्सिडंट एंझाइम आधीच चढलेली असू शकतात. मुठेकाठची ब्राह्मी आणून तिची कुंडीतल्या रोपाशी तुलना केली तर तुम्ही जातीतला फरक मोजताय की सांडपाण्यातला, हे कुणालाच सांगता येणार नाही. आणलेलं रोप निदान महिना-दीड महिना स्वच्छ मातीत आणि स्वच्छ पाण्यावर वाढवा, मग त्याच्या नव्या फुटीतून तुकडे घ्या.

बाटलीत आणणं

या शहराला ऊतिसंवर्धनाची जुनी ओळख आहे. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी बांबूला बाटलीत फुलं आणली आणि त्यावरचा निबंध १९९० साली प्रसिद्ध झाला. बांबू दशकानुदशकं फुलत नाही हे लक्षात घेतलं की त्याचं अप्रूप कळतं. आपलं काम त्यामानानं सोपं.

माध्यम मुराशिगे-स्कूगचं, १९६२ पासून चालत आलेलं. लिटरमागे ३० ग्रॅम साखर, ८ ग्रॅम अगर, पीएच ५.८, १२१ अंशांवर १५ ते २० मिनिटं ऑटोक्लेव्ह. कॅलससाठी २,४-डी आणि बीएपी ही वाढीची संप्रेरकं, लिटरमागे अनुक्रमे १ आणि ०.५ मिलिग्रॅम, यापासून सुरुवात करा आणि दोन्ही बाजूंनी चार-पाच प्रमाणं लावून बघा. नुसत्या बीएपीवर ब्राह्मी सरळ फुटवे देते. तेही ठेवा, कॅलसशी तुलनेला उपयोगी पडतात.

निर्जंतुकीकरणात तुकडे वाहत्या पाण्यात अर्धा तास, मग ट्वीन-२० या सौम्य साबणाचे दोन थेंब घातलेल्या पाण्यात, ७० टक्के इथेनॉलमध्ये ३० सेकंद, सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ८ ते १० मिनिटं, शेवटी निर्जंतुक पाण्यानं चार धुणी. मर्क्युरिक क्लोराइड जास्त खात्रीचं असतं हे खरं, पण त्याचं सांडपाणी बेसिनमध्ये ओतणारी प्रयोगशाळा मला चालत नाही. जून ते सप्टेंबर कंटॅमिनेशन वाढतं. हवेत बीजाणू आणि कापसाच्या बुचात ओल. मुख्य प्रयोगाची लावणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा आणि पावसाळा लिखापढीला ठेवा.

दिव्यांसाठी १६ तास उजेड, ८ तास अंधार. महागड्या यंत्राची गरज नाही. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत साधा टायमर मिळतो. तापमान २५ अंश, दोन अंश इकडेतिकडे. एप्रिलमध्ये एसी बंद पडून खोली ३५ वर गेली असेल तर त्या आठवड्याचे एंझाइमचे आकडे वापरू नका. तो उष्णतेचा ताण मोजला जातो.

तपकिरी पडणारा कॅलस

कापलेली कड तपकिरी पडू लागली की मुलं घाबरून माध्यमात ॲस्कॉर्बिक ॲसिड, सायट्रिक ॲसिड, कोळशाची पूड, जे हाताला लागेल ते घालतात. तपकिरीपणा थांबतो, पण आता तुम्ही काय मोजणार? ॲस्कॉर्बिक ॲसिड स्वतःच डीपीपीएचचा रंग उडवतं आणि फोलिन या फिनॉल मोजायच्या अभिकर्मकालाही निळं करतं. कॅलसला चिकटून आलेलं माध्यम तुमच्या झाडाच्या नावावर जमा होतं. कोळसा तर संप्रेरकंही शोषून घेतो.

म्हणून आधी साधे उपाय करा. पहिल्या दोन आठवड्यांत दर तीन-चार दिवसांनी तुकडा ताज्या माध्यमावर हलवा, पहिला आठवडा अंधारात ठेवा, धारदार ब्लेडनं कापा. ॲस्कॉर्बिक ॲसिड घालावंच लागलं तर फक्त पहिल्या माध्यमात घाला, आणि पुढचे निदान दोन सबकल्चर (ताज्या माध्यमावर पुन्हा लावणी) त्याविना झाल्यावरच मोजमापाला बसा. मोजायच्या दिवशी कॅलसवरचा अगर चिमट्यानं काढा, ऊर्ध्वपातित पाण्यानं झटपट धुवा, टिपकागदावर टिपा. हे दोन मिनिटांचं काम आळसानं टाळलं जातं आणि पुढचे तीन महिने छळतं.

नमुना कधी आणि किती घ्यायचा

कॅलस लावल्यापासून ७, १४, २१, २८ आणि ३५ व्या दिवशी वजन करा आणि वाढीचा आलेख काढा. वाढ जोरात असते तेव्हा आणि मंदावते तेव्हा फिनॉलही वेगळं असतं, एंझाइमही. "कॅलसमध्ये इतकं फिनॉल" या वाक्याला दिवस न लिहिता अर्थ नाही.

एका बाटलीतून तीनदा रीडिंग घेतलं म्हणजे तीन पुनरावृत्ती झाल्या, असं समजणं ही आपल्याकडची सर्वांत रुळलेली चूक आहे. तीन वेगवेगळ्या बाटल्या हव्यात, आणि जमलं तर वेगवेगळ्या दिवशी लावलेल्या. तीन रीडिंगनी फक्त तुमच्या पिपेटची परीक्षा होते.

प्रत्येक बाटलीतला कॅलस तिथल्या तिथे दोन वाट्यांत विभागा. एक संयुगांसाठी ४० अंशांखाली किंवा फ्रीझ ड्रायरमध्ये वाळवा. दुसरा एंझाइमसाठी फॉइलमध्ये गुंडाळून लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये आणि मग उणे ८० अंशांवर. कॅलसमध्ये ९० टक्क्यांच्या वर पाणी असू शकतं, म्हणून संयुगांचा आकडा कोरड्या वजनावर द्या. ओल्या वजनावर दिला तर पाणथळ, काचेसारख्या फुटव्यात फिनॉल "कमी" दिसतं. प्रत्यक्षात तिथे पाणी जास्त असतं.

संयुगांची बाजू

ही बाजू सोपी आहे, झटकन सांगतो. ०.१ ग्रॅम कोरडी पूड, १० मिलिलिटर ८० टक्के मिथेनॉल, रात्रभर अंधारात शेकरवर, मग गाळा. एकूण फिनॉलसाठी ०.५ मिलिलिटर अर्क, दहापट पातळ केलेला फोलिन-सिओकाल्टू अभिकर्मक २.५ मिलिलिटर, पाच मिनिटांनी ७.५ टक्के सोडियम कार्बोनेट २ मिलिलिटर. अर्धा तास अंधारात ठेवून ७६५ नॅनोमीटरवर वाचा. स्टँडर्ड गॅलिक ॲसिड, मिलिलिटरमागे २० ते १०० मायक्रोग्रॅम. स्टँडर्ड कर्व्ह दर वेळी नवीन काढा. गेल्या वर्षीच्या सीनियरची वापरू नका. आणि फोलिन फक्त फिनॉल मोजत नाही, क्षपण करणारं बरंच काही मोजतं, हे निष्कर्षात लिहा.

डीपीपीएचसाठी ३.९४ मिलिग्रॅम पूड १०० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये विरघळवली की ०.१ मिलिमोलर द्रावण होतं. ५१७ नॅनोमीटरवर रीडिंग १ च्या आसपास यावं. ०.६ आलं तर द्रावण जुनं आहे किंवा वजन चुकलंय. ते ओतून नवीन करा. अर्कासोबत अर्धा तास अंधारात ठेवून वाचा. कॅलस हिरवा असेल तर अर्काचा स्वतःचा रंग वजा करायला अर्क आणि मिथेनॉलचा वेगळा ब्लँक ठेवा. नाहीतर हरितद्रव्य तुमचा आकडा पाडतं. एकाच तीव्रतेवरची टक्केवारी देऊन थांबू नका. पाच-सहा तीव्रता घ्या आणि निम्मा रंग कितीला उडतो ते काढा.

एंझाइमची बाजू

इथे घाई चालत नाही. आदल्या रात्री खलबत्ता उणे २० मध्ये ठेवा. सकाळी तो बर्फाच्या ट्रेमध्ये बसवा, तळाशी बर्फाचं पाणी नको, चुरा हवा. ५० मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट बफर, पीएच ७.८, त्यात १ मिलिमोलर ईडीटीए. वाटायच्या वेळी अर्ध्या ग्रॅम कॅलसमागे चिमूटभर, म्हणजे बफरच्या १ ते २ टक्के, पीव्हीपीपी घाला. पीव्हीपीपी अविद्राव्य असतं. ते फिनॉलला धरून ठेवतं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये तळाला जातं. नावात एक पी कमी असलेलं पीव्हीपी विरघळतं, अर्कातच राहतं आणि प्रथिन मोजायच्या ब्रॅडफर्ड चाचणीच्या रीडिंगमध्ये लुडबुड करतं. ऑर्डर देताना त्या एका पीकडे नीट बघा. कॅटलेज शून्य आलेल्या त्या वहीच्या मालकिणीनं नुसत्या बफरमध्ये, बर्फाशिवाय, गप्पा मारत वाटलं होतं. अर्क चहासारखा झाला होता. पीव्हीपीपी आणि बर्फ वापरून तोच कॅलस वाटला तेव्हा अर्क फिकट पिवळा राहिला आणि आकडा आला. अर्काचा रंग ही पहिली तपासणी. तपकिरी झाला तर पुढे जाऊ नका, पुन्हा वाटा.

मग सेंट्रिफ्यूज: १२,००० जी, ४ अंश, १५ मिनिटं. जी (गुरुत्वाकर्षणाच्या कितीपट जोर) आणि आरपीएम (मिनिटाला फेरे) एक नव्हेत. रोटरची त्रिज्या ८ सेंटिमीटर असेल तर १०,००० आरपीएमला साधारण ८,९०० जी पडतात. वर आलेला द्रव लगेच बर्फात. त्याच दिवशी सगळं वाचा, आणि ॲस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज सर्वांत आधी.

ॲस्कॉर्बेट पेरॉक्सिडेजचं एक लाडावलेलं लक्षण आहे: ॲस्कॉर्बेट नसलं की ते पटकन मरतं. म्हणून त्याच्यासाठी वेगळा वाटा, बफरमध्ये १ मिलिमोलर ॲस्कॉर्बेट घालून. तोच अर्क एसओडीला (सुपरऑक्साइड डिसम्युटेज या एंझाइमला) वापरू नका, कारण ॲस्कॉर्बेट तिथल्या एनबीटी या रंग देणाऱ्या अभिकर्मकाशी गोंधळ घालतं. वाचन २९० नॅनोमीटरवर, ॲस्कॉर्बेट कमी होण्याचा वेग, गुणांक (ठरावीक तीव्रतेला रीडिंग किती येतं तो आकडा) २.८ प्रति मिलिमोलर प्रति सेंटिमीटर. ग्वायाकॉल पेरॉक्सिडेज ४७० वर, गुणांक २६.६. कॅलसमध्ये ते इतकं असतं की अर्क दहापट पातळ केल्याशिवाय रीडिंग हातात येत नाही.

आता कॅटलेज, बारकाईनं. २४० नॅनोमीटरवर वाचायचं, म्हणजे क्वार्ट्झ क्युवेटच हवी. साधी काच किंवा प्लास्टिक तो प्रकाश जाऊ देत नाही. २९० लाही क्वार्ट्झच वापरा. पीएच ७ चा बफर, त्यात १० मिलिमोलर हायड्रोजन पेरॉक्साइड, एकूण ३ मिलिलिटर. एंझाइम घालण्याआधी रीडिंग ०.४ च्या जवळ यायला हवं. उघडून ठेवलेली पेरॉक्साइडची बाटली कमजोर झालेली असते. लेबलवरच्या ३० टक्क्यांपेक्षा या रीडिंगवर भरवसा ठेवा. मग १०० मायक्रोलिटर अर्क घाला आणि दर १५ सेकंदांनी मिनिटभर वाचा. क्युवेटमध्ये बुडबुडे दिसले तर एंझाइम जास्त झालंय, अर्क पातळ करा.

समजा मिनिटाला रीडिंग ०.०६ नं उतरलं. गुणांक ३९.४ प्रति मोलर. ०.०६ ला ३९.४ नं भागलं की ०.००१५२ मोलर, म्हणजे मिलिलिटरमागे १.५२ मायक्रोमोल. ३ मिलिलिटरमध्ये ४.५७. अर्कात प्रथिन मिलिलिटरला १.२ मिलिग्रॅम असेल तर १०० मायक्रोलिटरमध्ये ०.१२ मिलिग्रॅम. ४.५७ भागिले ०.१२, साधारण ३८ मायक्रोमोल प्रति मिनिट प्रति मिलिग्रॅम प्रथिन. या ३९.४ पुढे मोलरच्या जागी मिलिमोलर लिहिलेलं मी कितीतरी प्रबंधांत पाहिलंय. वरच्या पेरॉक्सिडेजचे गुणांक मिलिमोलरमध्ये असल्यानं हात तसाच वळतो आणि उत्तर हजारपट घसरतं.

एसओडी सर्वांत फसवं. बोशँप आणि फ्रिडोविच यांच्या १९७१ च्या पद्धतीत रायबोफ्लेविन उजेडात सुपरऑक्साइड तयार करतं, ते एनबीटीला निळं करतं आणि एसओडी तो निळेपणा अडवतं. ५६० वर वाचून निम्मा निळेपणा अडवणारं प्रमाण म्हणजे एक युनिट. पण फिनॉलही सुपरऑक्साइडला खातं! उरलेलं फिनॉल एसओडीच्या नावावर बिल लावतं. अर्क उकळून कंट्रोल घेतात, पण एसओडीचे काही प्रकार उष्णतेला चिवट असतात. त्यापेक्षा अर्क सेफाडेक्स जी-२५ च्या छोट्या कॉलममधून काढा. लहान रेणू मागे राहतात, प्रथिन पुढे येतं. अर्काची तीन-चार प्रमाणं लावा आणि २० ते ६० टक्के अडवणूक येते तेवढीच आकडेमोडीत धरा. सगळ्या नळ्यांना सारखा उजेड मिळायला हवा, कोपऱ्यातली नळी नेहमी खोटं बोलते.

पुण्यासाठी एक खास सूचना: गुरुवारी एंझाइम काढायला बसू नका. देखभालीसाठी वीज जायचा वार तोच, पाणी बंद असायचा वारही बहुधा तोच. एका गुरुवारी सेंट्रिफ्यूज मध्येच थांबलं आणि सहा नमुने कोमट झाले. तेव्हापासून आमचा एंझाइमचा वार मंगळवार.

ताण देऊन बघायचा असेल तर

मिथाइल जास्मोनेट हे वनस्पतीला ताणाचा इशारा देणारं संयुग ५० ते २०० मायक्रोमोलर या पट्ट्यात लोक वापरतात. १०० पासून सुरू करा. ते इथेनॉलमध्ये विरघळवून ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळतात, म्हणून कंट्रोललाही तेवढंच इथेनॉल द्या. आणि ते उडून जाणारं आहे. एकाच फळीवर कंट्रोलच्या बाटल्या ठेवल्या तर त्यांनाही वास लागतो आणि फरक पुसट होतो. वेगळी खोली, निदान वेगळी रॅक. एंझाइमसाठी ०, ६, १२, २४, ४८, ७२ तासांना नमुने घ्या, संयुगांसाठी पाचव्या आणि सातव्या दिवशी. एंझाइम तासांत हलतात, फिनॉल साठायला दिवस लागतात. दोन्ही एकाच दिवशी मोजून "संबंध आढळला नाही" लिहू नका.

निकाल वाचताना एकट्या आकड्यावर बोलू नका. एसओडी सुपरऑक्साइडचं पेरॉक्साइड करतं, ते पुढे कॅटलेज आणि पेरॉक्सिडेजनी निपटायचं. एसओडी चढलं आणि ही दोन जागची हलली नाहीत, तर नळस्टॉपचा सिग्नल सुटलाय पण पुढे डेक्कनला गाड्या तुंबल्यात. तिथे एमडीए, म्हणजे पडद्यांतली मेदद्रव्यं बिघडली की तयार होणारं मॅलॉनडायअल्डिहाइड, मोजा, थायोबार्बिट्युरिक ॲसिडनं, ५३२ मधून ६०० चं रीडिंग वजा करून. एमडीए वाढलं असेल तर पेशीचे पडदे भाजतायत. तेव्हा वाढलेल्या एंझाइमचा अर्थ "रोप बळकट झालं" असा नाही, "रोप त्रासात आहे" असा.

आणि डीपीपीएच उडालं म्हणून औषध सापडलं असं शेवटच्या परिच्छेदात लिहू नका. मिथेनॉलमधला जांभळा रंग उडणं आणि माणसाच्या रक्तात काही होणं यांत पचन, शोषण, यकृत असं बरंच अंतर आहे. चहाही डीपीपीएच छान उडवतो.

बाटलीवर सबकल्चर कितवा ते लिहा. तिसऱ्या सबकल्चरचा कॅलस आणि बाराव्याचा कॅलस आकड्यांच्या बाबतीत एक नसतो. पुष्कळ लाइनींत संयुगं हळूहळू घटतात आणि रंग फिका होत जातो. मार्करनं लिहू नका, लॅमिनारमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) स्पिरिटचा बोळा फिरला की पुसतं. कागदी टेप, शिसपेन्सिल, तारीख, माध्यम, सबकल्चर क्रमांक. झाकणावर चिकटवू नका, झाकणं बदलतात.